पद्मिनीच्या पोटातलं रेसचं इंजिन

आजचा भाग एका इंजिनाबद्दल आहे. चार सिलिंडर, 1089 सीसी. लहानपणी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसला असाल, किंवा गावातल्या डॉक्टरसाहेबांची 'फियाट' बघितली असेल, तर हे इंजिन तुम्ही नक्की ऐकलेलं आहे. कागदोपत्री त्या गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी. आपण मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत आलो.

आता गंमत ऐका. याच मापाचं, याच घराण्यातलं इंजिन दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत रेसच्या गाड्यांमध्ये बसलेलं होतं. तिकडच्या लोकांनी ते वेगासाठी उघडलं. आपण ते गाडी चालू राहावी म्हणून उघडलं, आणि तेही कित्येकदा घराच्या अंगणात, झाडाच्या फांदीला साखळी बांधून. एकाच इंजिनाच्या नशिबी या दोन्ही गोष्टी कशा आल्या? आणि आपल्या पिढीला गाडीचं इंजिन असं घरी उतरवता येईल का? आजचा भाग या दोन प्रश्नांचा.

सोलापूरचा माणूस, कुर्ल्याचा कारखाना

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. रेल्वेची कंत्राटं घेत घेत हा माणूस जहाजांपर्यंत आणि विमानांपर्यंत गेला. 1919 मध्ये सिंदिया स्टीम नेव्हिगेशन, 1940 मध्ये बंगळूरचा विमान कारखाना, 1941 मध्ये विशाखापट्टणमची जहाजगोदी. इंदापूर तालुक्यातलं साखर कारखान्याचं वालचंदनगर त्यांच्याच नावाचं.

मोटारीचं खूळ त्यांच्या डोक्यात बरंच आधीपासून होतं. तेव्हा भारतात मोटारी बनत नव्हत्या, फक्त जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सनं 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता, पण तिथे परदेशातून खोक्यांत आलेले भाग एकमेकांना जोडायचं काम चालायचं. वालचंदांना गाडी इथेच घडवायची होती. इंग्रज सरकारनं त्यांना हवी तशी साथ दिली नाही, तरी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी करून त्यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं धोरण घेतलं, की ज्यांना गाडीचे भाग हळूहळू इथेच बनवायचे आहेत त्यांनीच थांबावं. नुसती जोडाजोड करणाऱ्यांना जागा नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघंही आपलं दुकान आवरून गेले. प्रीमियर थांबली, इटलीच्या फियाटशी तिचा करार झाला, आणि 1954 पासून कुर्ल्यातून फियाट 1100 बाहेर पडायला लागली. वालचंद मात्र 1953 मध्येच गेले. ही गाडी त्यांना रस्त्यावर बघायला मिळाली नाही.

हे धोरण लक्षात ठेवा, कारण अंगणातल्या इंजिनकामाचा उगम त्यात आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे सगळं देशातच बनायला लागलं, तेव्हाच ते सोलापूरच्या दुकानात मिळायला लागलं. वस्तू दुकानात मिळाली तर मिस्त्री इंजिन उघडायची हिंमत करतो. नाही तर उघडून ठेवलेलं इंजिन म्हणजे भंगार.

तिकडे इटलीत

आता जरा मागे, 1937 मध्ये. तुरीनला फियाटमध्ये दांते जाकोसा नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याच्या देखरेखीखाली 508 सी ही गाडी आली, पुढे जी 1100 म्हणून ओळखली गेली. तिच्या इंजिनाचं माप 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक. बोअर म्हणजे सिलिंडरच्या भोकाची रुंदी, स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरखाली किती फिरतो ते अंतर. गणित केलं की चार सिलिंडरचे होतात 1089 सीसी. सुरुवातीला ताकद होती 32 हॉर्सपॉवर. म्हणजे चारचौघांच्या घरातली साधी गाडी.

मग महायुद्ध झालं. इटली हरली, कारखान्यांवर बॉम्ब पडले, हातात पैसा नाही, माल नाही. अशा वेळी तुरीनच्याच पिएरो दुसिओ या उद्योगपतीला रेसिंगच्या गाड्या बनवायच्या होत्या. नवं इंजिन आणणार कुठून? त्यानं जाकोसालाच गाठलं, आणि फियाट 1100 चं हेच घरगुती इंजिन घेऊन एकआसनी रेसची गाडी तयार करून घेतली. कंपनीचं नाव सिसितालिया, गाडीचं नाव डी 46. इंजिन उघडून त्याचं कॉम्प्रेशन वाढवलं, ऑइलची व्यवस्था बदलली, आणि ताकद जवळजवळ दुप्पट, साठच्या आसपास नेली.

1946 मध्ये तुरीनला या गाड्यांची पहिली शर्यत झाली. त्यात ताझिओ नुव्होलारी होता. त्या काळातला तो सर्वांत नावाजलेला रेसर. धावत्या गाडीत त्याच्या हातात स्टिअरिंग व्हील निखळून आलं. पठ्ठ्यानं ते चाक एका हातात उंच धरून, बघा रे काय झालंय, असं दाखवत गाडी पुढे काढली!

पुढच्या वर्षी मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत होती, इटलीच्या साध्या रस्त्यांवरून. नुव्होलारीचं वय तेव्हा 54. गाडी सिसितालिया 202, पोटात 1100 सीसीचं हेच इंजिन. समोर होती 2900 सीसीची अल्फा रोमिओ. नुव्होलारी बराच वेळ पुढे होता. मग पाऊस आला, इंजिनाच्या इग्निशनमध्ये पाणी शिरलं, गाडी थांबली, वेळ गेला. तरी तो दुसरा आला. याच सिसितालिया 202 ची बंद टपाची आवृत्ती आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

आणखी एक गोष्ट. 1958 मध्ये फॉर्म्युला ज्युनिअर नावाची रेस सुरू झाली. तिचा नियम असा, की इंजिन रस्त्यावरच्या साध्या गाडीचंच हवं आणि 1100 सीसीच्या आतलं हवं. हेतू हा, की कमी पैसेवाल्यांनाही रेसमध्ये उतरता यावं. सुरुवातीच्या वर्षांत तिथे स्तांगुएलिनी या गाडीचा दबदबा होता, आणि तिच्यात इंजिन होतं फियाट 1100 चं. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून 1100 बाहेर पडत होती, त्याच वर्षांत तिकडे तिचं भावंड रेस जिंकत होतं.

आता बघा. इटलीनं हे इंजिन रेससाठी निवडलं ते टंचाईमुळे. आपल्याकडे ते अंगणात उतरलं तेही टंचाईमुळे. पण नुसत्या टंचाईनं भागत नाही. इंजिन तसं घडवलेलंही लागतं. 1100 चं इंजिन साधं होतं. बीडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, ब्लॉकमध्येच कॅमशाफ्ट. इंजिन पुढे, त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि तिथून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे. सगळं एका ओळीत. बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा. ज्याला पाना धरता येतो त्याला इंजिनाचं प्रत्येक अंग दिसत होतं.

आपल्याकडे इंजिन का उघडायचे

लायसन्स राजच्या काळात गाडीसाठी नंबर लावावा लागायचा आणि मग वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. त्यामुळे जुनी गाडी विकून नवी आणू, हा विचारच नसायचा. इंजिन धूर मारायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, चढावर दम टाकायला लागलं, की त्याचा एकच अर्थ: इंजिन बांधायला आलं.

दुसरं कारण कागदाचं. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. दुसरं इंजिन बसवलं की आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. मूळ ब्लॉक ठेवून आतलं सगळं बदललं तर ती कटकट नाही. म्हणून ब्लॉक तोच ठेवून 'बोअर' करायचा. सिलिंडर झिजून अंडाकृती होतो, त्याला लेथवाल्याकडे नेऊन थोडा मोठा पण पुन्हा नीट गोल करून घ्यायचा आणि वाढीव मापाचा पिस्टन टाकायचा.

तिसरं कारण आमच्या भागाचं. मोडनिंब म्हणजे पुणे–सोलापूर हायवेवर टेंभुर्णी आणि मोहोळच्या मधलं गाव, तालुका माढा. या भागाला यंत्राची सवय गाड्यांच्या आधीपासूनची. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, आणि 1906 मध्ये ती मोडनिंबवरून पंढरपूरला पोचली. तिचा वर्कशॉप कुर्डुवाडीला. आगगाडीचं इंजिन उघडून, साफ करून, पुन्हा जोडणारे हात तिथे तयार झाले.

त्यानंतर आलं विहिरीवरचं इंजिन. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 ची. कोल्हापूरच्या फाउंड्र्याही बऱ्याचशा या ऑइल इंजिनांच्या धंद्यावरच वाढल्या. वीज पोचायच्या आधी मोट सुटली आणि विहिरीवर डिझेलचं इंजिन बसलं. आमच्याकडे जुनी माणसं 'इंजिन' म्हणाली, की पहिल्यांदा तेच डोळ्यासमोर येतं. ते बंद पडलं की ऊस वाळणार, त्यामुळे मिस्त्री रानात यायचा आणि विहिरीच्या काठावरच पोतं अंथरून इंजिन उघडायचा. ज्यानं असं इंजिन शंभरदा खोललंय, तो फियाटच्या चार सिलिंडरला कशाला घाबरेल?

अंगणात इंजिन कसं उतरतं

आता प्रत्यक्ष काम. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

पहिल्यांदा बॅटरीची वायर काढायची. ती राहिली आणि पाना चुकून कुठे टेकला की ठिणगी, आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास. मग रेडिएटरचं पाणी सोडायचं, ऑइल सोडायचं, बॉनेट काढून भिंतीला उभं करायचं. रेडिएटर बाहेर काढला की पुढे जागा होते. मग कार्बोरेटरची तार, पेट्रोलची नळी (तिच्या तोंडात बूच मारायचं), डायनामो आणि स्टार्टरच्या वायरी, सायलेन्सरचा पाइप, क्लचची जोडणी. प्रत्येक वायरीला चिंधी किंवा चिकटपट्टी लावून खूण करायची.

मग खरं काम. गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा असेल तर त्याच्याखाली जॅक लावायचा, नाही तर इंजिन सुटल्यावर तो खाली लोंबकळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट सोडायचे. वर आडव्या वाशाला किंवा जाड फांदीला साखळीची कप्पी, गॅरेजच्या भाषेत चेनपुली, अडकवायची. साखळी इंजिनाला अशी बांधायची, की तोल मधोमध राहील. साखळी ताणली, की मग इंजिनाची रबरी फाउंडेशनं सोडायची. इथे घाई केली तर घात. इंजिन सरळ वर ओढून चालत नाही. आधी ते पुढे सरकवायचं, कारण गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटमध्ये घुसलेला असतो. तो पूर्ण बाहेर आला, की मगच वर. एक जण साखळी ओढतो, एक जण इंजिन हातानं सावरतो, आणि मिस्त्री सारखा ओरडत असतो, "खाली हात घालू नका रे!" टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

इंजिन बाहेर आलं की ते डिझेलनं धुवायचं आणि खोलायचं. हेड, मग ऑइल चेंबर, मग पिस्टन, शेवटी क्रँक. इथे हुशारी शक्तीत नाही, क्रमात आहे. कुठल्या सिलिंडरचा पिस्टन कुठला, कुठल्या बेअरिंगची टोपी कुठल्या तोंडानं होती, हे विसरलं की संपलं. म्हणून छिन्नीनं टोप्यांवर बारीक टिंब मारायचे: एक टिंब, दोन टिंब, तीन टिंब. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीनं खोवायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कोड बदलताना आधीची प्रत आणि बदलाची नोंद ठेवणारी यंत्रणा असते. मिस्त्रीची यंत्रणा म्हणजे तो पुठ्ठा.

मग ब्लॉक आणि क्रँक लेथवाल्याकडे. घरी व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासत बसायचं, ते सीटवर चहूबाजूंनी सारखे बसेपर्यंत. परत जोडताना टायमिंगच्या चेनवरची खूण खुणेला मिळवायची, कारण व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे त्या चेनवर ठरतं. शेवटी सगळं बसलं, पाणी भरलं, ऑइल भरलं, की सेल मारायचा. इंजिन खोकतं, एकदा फटाका मारतं आणि मग एका तालात चालायला लागतं. पुढचे हजारेक किलोमीटर गाडी हळू चालवायची, नव्या रिंगा सिलिंडरमध्ये बसेपर्यंत.

याचीही दुसरी बाजू आहे

हे ऐकताना सगळं फार गोड वाटतं. पण तसं नव्हतं. गाडी घ्यायला वर्षं लागायची म्हणून माणसं इंजिन बांधत होती, हौस म्हणून नाही. मिस्त्रीच्या हाताखाली जो पोरगा डिझेलमध्ये नट-बोल्ट धुवायचा, तो त्या वेळी शाळेत असायला हवा होता. पेट्रोलनं हात धुऊन कातडी फाटायची. मिस्त्रीला ऐकून कळायचं, की आवाज टॅपेटचा आहे की बेअरिंगचा. पण ते त्यानं कधी लिहून ठेवलं नाही, आणि आपणही ते कधी लिहून घेतलं नाही. जाकोसाचं नाव पुस्तकांत आहे, नुव्होलारीचं आहे. त्यांच्याच इंजिनाला चाळीस-पन्नास वर्षं आपल्या रस्त्यांवर जिवंत ठेवणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. या इतिहासातली ही मोठी खिंडार आहे.

धुराचंही बोललं पाहिजे. कार्बोरेटरचं जुनं इंजिन हवा घाण करायचं. आजच्या गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर मिळून पेट्रोल मोजून सोडतात. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 लागू झालं, ते हवेसाठी गरजेचंच होतं.

2023 आणि आपला फोन

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला झाली. टॅक्सीचं आयुष्य नियमाप्रमाणे वीस वर्षं. म्हणून 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. बातम्या आल्या, लोकांनी सेल्फी काढले. गाडीला निरोप मिळाला. तिला बांधणाऱ्या हातांची बातमी झाली नाही.

मग आपल्या पिढीला घरी इंजिन उतरवता येईल का? पाने तेच आहेत, चेनपुली बाजारात मिळते, आणि व्हिडिओ तर हवे तेवढे. अडचण वेगळी आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं, चारही बाजूंनी जागा नाही. ते कसंबसं काढलं आणि बांधून परत बसवलं, तरी पुढे कॉम्प्युटरला पटवावं लागतं. काही भाग बदलले की त्यांची ओळख कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून करून द्यावी लागते. ते सॉफ्टवेअर आणि ती माहिती मोडनिंबच्या गॅरेजवाल्याला मिळाली नाही, तर त्याच्या हातात कितीही कला असो, उपयोग नाही. कुलूप आता बोल्टला नाही, माहितीला आहे. आणि हे कुलूप धुरासाठी लावावंच लागतं असं काही नाही. स्वच्छ इंजिन आणि दुरुस्तीची खुली माहिती एकत्र राहू शकतात.

ही नुसती माझी तक्रार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. म्हणजे ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय, तो आणि आपल्या रानातला ट्रॅक्टर एकाच यादीत आहेत. दुरुस्तीचं मॅन्युअल आणि सुटे भाग बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावेत, ही मागणी आपण गिऱ्हाईक म्हणून करू शकतो. गाडी घेताना मायलेज विचारतो, तसं हेही शोरूममध्ये विचारायला सुरुवात करू.

आणि एक काम तर आजच करता येईल. तुमच्या गावात साठीच्या पुढचा एखादा मिस्त्री असेल. विहिरीवरची इंजिनं बांधलेला, फियाट बांधलेला, अँबॅसिडर बांधलेला. त्याच्याकडे जा, चहा घ्या, विचारून फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकच प्रश्न विचारा: मामा, नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखायचा? मग मध्ये बोलू नका. त्यांना बोलू द्या. 1089 सीसीच्या इतिहासातला आपल्या बाजूचा अर्धा भाग त्यांच्याकडे आहे, आणि तो दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी हळू चालवा, आणि ऑइल वेळेवर बदला!